नाकाला रुमाल बांधला, पण पाठीचं काय? फवारणीतल्या या चुका टाळा

मेअखेरीस लावलेली बागायती कपाशी आमच्याकडे पोळ्यापर्यंत छातीला लागते आणि फवारणीला जोर येतो. गेल्या हंगामात आमच्या सालदार काकांच्या शर्टाची पाठ ओली दिसली. मला वाटलं घाम. हात लावला तर औषधाचा उग्र वास. पंपाच्या झाकणाचा वायसर गेला होता. "काई व्हत नही भाऊ," काका म्हणाले. नाकाला रुमाल होता ना!

सगळ्यात मोठी चूक हीच. फवारणाऱ्याच्या अंगात विष नाकापेक्षा कातडीतूनच जास्त जातं. अमेरिकेत १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या अभ्यासात दिसलं, की हाताच्या कोपर ते मनगट या भागातल्या कातडीतून जेवढं विष शोषलं जातं, त्याच्या दहापटीहून जास्त अंडकोशाच्या कातडीतून जातं. गळका पंप पाठीवरून कमरेखाली झिरपतो तो नेमका तिथेच. म्हणून आधी साधं पाणी भरून पंप तपासा. उकाड्यात पूर्ण सूट कोणी घालत नाही, हे मलाही कळतं. पण पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाठीला प्लास्टिकचा कागद बांधा. कपडे भिजले तर काम तिथेच थांबवा, अंग साबणाने धुवा आणि कपडे बदला.

बाटलीतलं औषध मोजताना ते सर्वांत तीव्र असतं आणि नेमकं तेव्हाच हातमोजे नसतात. हाताने ढवळणं, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकणं, त्याच हाताने तंबाखू मळणं तर रोजचंच. वाऱ्याकडे तोंड करून मारू नका. फवारलेल्या ओल्या ओळीत पुन्हा शिरू नका.

दुकानदाराने सांगितलं म्हणून दोन-तीन औषधं एकाच पंपात ओतू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. तिथेही अशा मिश्रणांवर बोट ठेवलं गेलं. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

पंप नाल्यात धुऊ नका. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशांना फार घातक असतात. रिकाम्या डब्यात पिण्याचं पाणी तर कधीच नको, डबा भोसकून निकामी करा.

डोळ्यांपुढे अंधुक झालं, लाळ-घाम सुटला, स्नायू फडफडू लागले, तर "ऊन लागलं" म्हणून सावलीत झोपवू नका. दूध, तूप पाजू नका, उलटी काढू नका. कपडे उतरवा, अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. कोणतं विष आहे हे कळलं तर डॉक्टरांना ॲट्रोपिनसारखा उतारा लवकर ठरवता येतो.

आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला घरी आणू नका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा औषधांच्या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मान उचलता येईनाशी होते आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्या वेळी माणूस दवाखान्यातच असायला हवा.