मुंबईतील रस्त्यांच्या नावांचा इतिहास कसा शोधावा

पाटीवरील आजच्या नावाचा विचार करण्याआधी रस्त्याची जुनी नावे मिळवावीत. त्यासाठी जुन्या दुकानांच्या पाट्या, भाडेपावत्या आणि सॅम्युअल शेपर्ड यांचे १९१७ सालचे मुंबईच्या स्थलनामांवरील पुस्तक उपयोगी पडते, मात्र त्यातील व्युत्पत्ती पडताळूनच स्वीकाराव्यात.

त्यानंतर नाव कोणत्या काळाचे आहे, ते ठरवावे. चर्चगेट आणि बाजारगेट ही नावे १८६०च्या दशकात पाडलेल्या कोटाच्या दरवाजांची असल्यामुळे तो कोट जुन्या नकाशातच पाहावा लागतो; धोबी तलावाचेही तसेच, कारण तो तलाव केव्हाच बुजवला गेला. गव्हर्नरांची नावे शोधायला सर्वांत सोपी. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून जो सँडहर्स्ट रोड काढला, त्याला स्थापनेच्या वेळी गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्ट यांचे नाव मिळाले आणि पुढे तोच सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, तसा लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तरीही लॅमिंग्टन रोड हे नाव बोलण्यातून गेलेले नाही (टॅक्सीत बसून नवे नाव सांगून पाहावे), म्हणून परिसरातील ज्येष्ठांच्या तोंडी असलेली नावेही टिपून घ्यावीत.