कडकनाथ ओळखताना आधी कोंबडा बघा

काळ्या पिसांची प्रत्येक कोंबडी कडकनाथ नसते आणि प्रत्येक कडकनाथची पिसे निव्वळ काळी नसतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यात भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेल्या या जातीत तीन रंग आहेत: पूर्ण काळा, मानेवर रुपेरी रेघा असलेला पेन्सिल्ड आणि सोनेरी झाक असलेला गोल्डन. म्हणून पिसांवर जाऊ नका, पिसांखाली बघा.

पक्षी उजेडात उताणा धरा आणि छातीवर फुंकर मारा. पिसे बाजूला होताच दिसणारी कातडी काळी-निळसर असली पाहिजे. मग चोच उघडून जीभ आणि टाळू पाहा, दोन्ही काळी हवीत. तुरा, चोचीखालचे कल्ले आणि कानाची पाळी गडद जांभळट-काळी. पाय, नखे, तळवेही काळपट. तुरा लालभडक असेल किंवा कातडीवर पांढुरके चट्टे असतील तर तो संकर समजा. अंडे मात्र फिकट बदामी असते. काळे अंडे दाखवणारा तुम्हाला फसवतोय. रक्तही लालच असते, आणि हाडाचा काळेपणा मुख्यतः वरच्या पातळ पडद्यात असतो, त्यामुळे आतून हाड फिकट दिसले म्हणून पक्षी खोटा ठरत नाही.

खरी फसगत वेगळीच आहे. काळेपणा देणारा गुण प्रबळ असतो, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी उतरतो. त्याला दाबणारा दुसरा एक गुण पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या जातींत असतो आणि तो लिंगाशी जोडलेला असतो. कडकनाथ कोंबडा अशा जातीच्या कोंबडीवर सोडला तर पिल्लांतल्या माद्या आईकडून तो दाबणारा गुण घेतच नाहीत, म्हणून त्या चांगल्याच काळ्या निघतात. नर मात्र फिकट पडतात. म्हणजे काळ्याशार तलंगांचा (अंड्यांवर न आलेल्या तरुण माद्यांचा) थवा बघून खरेदी केली तर संकर गळ्यात पडू शकतो. विकणाऱ्याकडे त्याच उबवणीचे कोंबडे मागा आणि त्यांचे तुरे, पाय तपासा. ‘कोंबडे विकून टाकले’ असे उत्तर आले तर जरा थांबा. आईच काळपट पायांची गावठी असेल तर ही चाचणीही अपुरी पडते. तेव्हा पालक कळप डोळ्यांनी पाहणे हाच उपाय. 2019 मध्ये महाराष्ट्रात कडकनाथ पाळायला देऊन अंडी परत विकत घेण्याच्या करारांत अनेकांचे पैसे अडकले, त्यामुळे ‘अंडी आम्हीच परत घेऊ’ या बोलीवर जात ठरवू नका.

आता पिल्ले. शंभर पिल्लांसाठी पाच-सहा फूट व्यासाचे गोल कडे करा, दीड फूट उंच पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे. चौकोनी खोक्यात पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. भाताचे तूस दोन-तीन इंच पसरा, पहिले दोन दिवस वर कागद. पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने शंभर वॅटचे दोन बल्ब पुरतात. थंडीत किंवा पावसाळ्यात वाढवावे लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्ले जास्त खरे सांगतात: बल्बखाली गर्दी म्हणजे गारठा, कड्याला चिकटून चोच वासून बसणे म्हणजे उकाडा, सगळीकडे विखुरलेली म्हणजे बरोबर. पहिल्या संध्याकाळी दहा-बारा पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी चिमटीत धरून बघा. भिजवलेल्या कणकेसारखी मऊ भरलेली लागली तर ठीक. रिकामी लागणाऱ्या पिल्लांची चोच पाण्यात बुडवा आणि भांडी उजेडाच्या जवळ सरकवा, कारण पहिल्या चार-पाच दिवसांतली बरीच मर उपाशी राहिल्यानेच होते.

पहिले आठ आठवडे 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचे स्टार्टर खाद्य, पुढे 16 टक्क्यांचे ग्रोअर. ब्रॉयलरचे खाद्य देऊन वाढ लवकर होईल ही आशा सोडा. ही जात मुळातच सावकाश वाढते, सव्वा किलोच्या आसपास जायला पाचेक महिने लागतात. पूर्ण वाढलेला कोंबडा दीड ते दोन किलो, कोंबडी त्याहून कमी. अंडी साधारण सहाव्या महिन्यापासून, वर्षाला सुमारे 80 ते 120. अंड्यांवर आल्यावर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबड्या खुडूक कमीच होतात, म्हणून उबवायला गावठी खुडूक कोंबडी किंवा इनक्युबेटर लागतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा.

लसीकरणात ढिलाई नको. मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणू आजाराची) लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी होते, ती झाल्याचे विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब, चौदाव्याला गंबोरो या पिल्लांच्या विषाणू आजाराची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांदरम्यान मानमोडीचीच आर-टू-बी लस टोचून. शेवटच्या लसीआधी आठवडाभर जंतनाशक द्या. भागातल्या साथीप्रमाणे पशुवैद्यक तारखा मागे-पुढे करतात.

काळेपणाची एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. इतर कोंबड्यांत तुरा फिका पडला की रक्त कमी झाल्याचा संशय येतो आणि निळा पडला की धोक्याचा इशारा मिळतो. कडकनाथमध्ये हे काहीच दिसत नाही. त्यामुळे बोटांनी तपासायची सवय लावा. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर मांस झडतेय, म्हणजे जंत किंवा रक्ती हगवण शोधा. देवीच्या खपल्या काळ्या तुऱ्यात लपतात, पण अंगठ्याने चोळल्यास खरखरीत लागतात. अंड्यांवर आहे का हे पाहायचे तर दोन कटिहाडांमध्ये बोटे ठेवा: दोन-तीन बोटे सहज बसली तर होय, एकच बसले तर नाही.

खुराड्यात प्रत्येक मोठ्या पक्ष्याला दोन चौरस फूट जागा आणि बाहेर फिरायला मोकळे आवार. तूस रोज खालीवर करा. मूठभर दाबल्यावर गोळा झाला तर ते ओले आहे, त्यातूनच अमोनियाचा वास आणि रक्ती हगवण सुरू होते. पक्षी चपळ आणि उडणारे आहेत, सहा फुटांची जाळी सहज ओलांडतात, म्हणून वरूनही जाळी टाका. मुंगुसासाठी जाळी जमिनीत फूटभर गाडावी लागते.

विकताना नावाची एक बाब लक्षात ठेवा: 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावण्याचा हक्क, मिळाले आहे, तेव्हा आपल्याकडे वाढवलेल्या पक्ष्याच्या पाटीवर नुसते ‘कडकनाथ’ लिहा, ‘झाबुआ कडकनाथ’ नको.