आधी पूर की आधी पाऊस?

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला बसताय म्हणजे काळ, आर्टिकल वगैरे येतच असेल. मी एकाच खड्ड्याबद्दल लिहितो, कारण-परिणाम सांगणाऱ्या 'रिझल्ट'सारख्या क्रियापदांच्या, कारण त्यात मी दोनदा पडलो.

सरावाच्या निबंधात मी २३ सप्टेंबर २०२३ चा नागपूरचा पूर घातला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, सगळं डोळ्यांसमोरचं. आणि ऐटीत लिहिलं, 'द फ्लड रिझल्टेड इन हेवी रेन'. रूममेटनं वाचलं अन् म्हणाला, "काऊन बे, पूर आला म्हणून पाऊस पडला का?"

मराठीत ही चूक होतच नाही. 'मुळे' कारणालाच चिकटलेलं असतं. 'पावसामुळे पूर आला' म्हणा की 'पूर आला पावसामुळे', अर्थ हलत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापदाच्या अलीकडे कोण नि पलीकडे कोण, यावरच सारं. म्हणून मी आजही प्रत्येक वाक्याला मनात 'मुळे' लावून बघतो. 'रिझल्ट इन' असेल तर ते आधीच्या शब्दाला लागलं पाहिजे: हेवी रेन रिझल्टेड इन अ फ्लड. 'रिझल्ट फ्रॉम' असेल तर नंतरच्या. 'लीड टू', 'गिव्ह राइज टू' हे 'इन'च्या पंगतीतले. 'स्टेम फ्रॉम' दुसऱ्या पंगतीतलं.

दुसऱ्यांदा पडलो 'वॉज रिझल्टेड' लिहून. 'वॉज कॉज्ड बाय' चालतं, मग हे का नाही? कारण 'रिझल्ट' अकर्मक आहे. कधीच लिहू नका. आणि 'लेड टू लूझ'ही नाही, 'लेड टू लूझिंग'. 'कॉज'चं उलटं: कॉज्ड देम टू लूझ.

क्लासच्या सरांनी 'आठ बँडवाल्या', म्हणजे भारी गुण मिळवून देणाऱ्या, फ्रेजेसचा चार पानी झेरॉक्स दिला होता. माझं ऐकाल तर तो रद्दीत टाका. तीन-चार फ्रेजेस पक्क्या असल्या की भागतं, आणि साधं 'बिकॉज' लिहिल्यानं कुणी मार्क कापत नाही. घाबरू नका, आठ-दहा दिवसांत हात बसतो. फक्त टास्क टूच्या, म्हणजे निबंधाच्या, ४० मिनिटांतली शेवटची तीन हे 'मुळे' लावून बघायला राखा.

माझ्या पेपरात 'रिझल्ट' एकदाच आला. तिथं थांबून मी 'मुळे, मुळे' पुटपुटलो, तर शेजारच्या पोरीनं वळून पाहिलं.