नव्या घरात या चुका टाळा: ऊन, भिंत, पडदा आणि उंबरठा

वास्तुशांत झाली, पाहुणे पांगले, निम्मी खोकी अजून गॅलरीत पडलेली. आणि त्याच आठवड्यात रंग, पडदे, झाडं, सोफ्यामागची फ्रेम असं सगळं एकदाचं उरकून टाकायची घाई होते. सहा महिन्यांनी त्यातलं निम्मं बदलावं लागतं. ऊन कुठून येतं, सकाळचा चहा घेऊन पाय कुठे वळतात, दार उघडल्यावर नजर आधी कशावर जाते, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. खालच्या बऱ्याचशा चुका या घाईतूनच होतात. उरलेल्या हाताच्या आणि मापाच्या आहेत.

एका ऋतूवरून उन्हाचा हिशेब

ताबा मे महिन्यात मिळाला, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येत नाही असं दिसलं, म्हणून तिथे पुस्तकांचं कपाट लावलं. डिसेंबर-जानेवारीत त्याच पुस्तकांचे कणे उन्हाने विटतात. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेला सरकतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर आणि छज्जा दीड फुटाचा असला तरी तेव्हा ऊन चारेक फूट आत येतं. पश्चिमेच्या खिडकीचं दुखणं वेगळं: मार्च ते मे दुपारी तीननंतरचं ऊन तिरपं शिरतं आणि त्याला छज्जा काही करू शकत नाही.

उपाय फुकटचा आहे. महिन्यातून एकदा सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता फरशीवर उन्हाची कड जिथे येईल तिथे कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावा आणि त्यावर तारीख-वेळ लिहा. तीन-चार महिन्यांत पट्ट्या सरकताना दिसतील. वाचायची खुर्ची, मोगऱ्याची कुंडी, सुपाएवढ्या वाळवणाची जागा या पट्ट्याच सांगतात. एखाद्या भिंतीवर सकाळी ग्रिलची आणि पानांची सावली पडून हलत असेल, तर ती भिंत मोकळी सोडा. विकत आणलेली कुठलीही फ्रेम तिच्यापुढे फिकी पडते.

ओल्या भिंतीवर भारी रंग

नव्या बांधकामातल्या सिमेंटच्या गिलाव्यात पाणी बरेच महिने राहतं. वर लगेच जाड प्लॅस्टिक पेंट दिला की ओल अडकते, फुगे येतात, लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) बाहेर पडतो. ओळखायचं कसं? फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा. चोवीस तासांनी आतून दव दिसलं तर थांबा. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. बाहेरून कुठे पाझरतंय तेही तेव्हाच कळतं.

शेडकार्डावरचा रंग भिंतीवर चढला की एक-दोन छटा गडद वाटतो. लहानात लहान डबा आणून मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा आणि ती शीट वेगवेगळ्या भिंतींवर लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहा.

भिंत न ओळखता ड्रिल लावणं

सगळ्यात जास्त नासधूस इथे होते. आधी भिंत कसली आहे ते भोकातून पडणारी पूड सांगते. वर जिप्समचा गिलावा असेल तर पहिला सेंटिमीटरभर पांढरी, खडूसारखी पूड येते, तिच्यावर विसंबू नका. त्यानंतर तांबडी आली तर वीट, पिठासारखी हलकी राखाडी-पांढरी येऊन ड्रिलचा बिट सुळकन आत गेला तर हलक्या ब्लॉकची भिंत, आणि राखाडी पूड येत बिट जागचा हलेनासा झाला तर काँक्रीट. नव्या टॉवरांमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात, तिथे सगळंच काँक्रीट निघतं.

साध्या फ्रेमसाठी ६ मिलिमीटरचा बिट, त्याच मापाचा रावल प्लग (सुतार ज्याला गिट्टी म्हणतात तो) आणि ४ मिलिमीटर जाडीचा दोन इंची स्क्रू पुरतो. बिटवर टोकापासून ५ सेंटिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोली कळते. गिट्टी गिलाव्यातच राहिली, विटेपर्यंत पोचली नाही, की आठवड्याभरात फ्रेम गिलाव्याच्या खपलीसकट खाली येते. ब्लॉकच्या भिंतीत हातोड्याचा झटका बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा. झटक्याने भोक मोठं होतं आणि गिट्टी गरगर फिरते. तिथे लांब, ब्लॉकसाठीचीच गिट्टी मागून घ्या. विटेच्या भिंतीत पूड मधेच तांबडीची करडी झाली तर बिट सांध्यात गेला आहे, दोन इंच सरकून दुसरं भोक घ्या. सैल झालेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबायचा जुना उपाय कॅलेंडरपुरता ठीक आहे. फ्रेमसाठी भोक ८ मिलिमीटरचं करून त्याच मापाची गिट्टी बसवा.

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल कधीही लावू नका. आतली वायरिंग त्याच उभ्या रेषेत असते. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडा. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळ आणि गिझरच्या रेषेचाही तोच नियम.

आता उंची. चित्र दाराच्या चौकटीच्या बरोबरीने टांगायची आपल्याकडे सवय आहे, देवाच्या तसबिरी तशा लागायच्या म्हणून असेल. पाहायचं चित्र असेल तर त्याचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर येऊ द्या. बैठक गादी-तक्क्याची असेल तर साडेतीन ते चार फूट. सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत सहा ते आठ इंच पुरेत. भोक पाडण्याआधी फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून दोन दिवस भिंतीला लावून ठेवा. नजरेला खुपला तर सरकवायला पैसे पडत नाहीत. आणि फ्रेम दोन खिळ्यांवर टांगा, एकावर ती पंख्याच्या वाऱ्याने तिरकी होते.

भाड्याच्या घरात चिकटणारे हुक सोयीचे वाटतात, पण आधी भिंतीवर तळहात घासा. पांढरी पूड लागली तर डिस्टेंपर आहे. हुक रंगाचा पापुद्रा घेऊनच निघेल. त्यापेक्षा दोन नीट भोकं परवडतात. अकरा महिन्यांचा करार संपताना ती वॉल पुट्टीने भरा, वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि वर रंगाचा ठिपका द्या. त्यासाठी आधीच्या रंगाचा तळ असेल तर मालकाकडून बाटलीभर मागून ठेवा.

पडदा आधी, दांडी नंतर

तयार पडदे ५, ७ आणि ९ फुटांत मिळतात. ७ फुटी पडदा घरी आणून दांडी साडेसात फुटांवर ठोकली की तो आखूड झालेल्या परकरासारखा लोंबतो. आधी दांडीची जागा ठरवा (चौकटीच्या वर चार ते सहा इंच, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त) आणि मग लांबी मोजा. कापडाचा पन्हा दांडीच्या दुप्पट हवा, नाहीतर चुण्या पडत नाहीत. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे पाच फुटांत दोन-तीन इंच गेले.

आजीच्या नऊवारीचा पडदा करायचा असेल तर कात्री लावण्याआधी हिशेब करा. नऊवारी सुमारे २७ फूट लांब आणि ४५ ते ४८ इंच रुंद असते. काठ लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे आडवे कापून पट्टे केले की प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभा काठ येतो, आणि तोच सुरेख दिसतो. पाच फुटी पडद्यासाठी पट्टा पाच फूट आठ इंच कापा: वर तीन इंच, खाली पाच इंच दुमड. चार फुटी खिडकीवर पाच फुटी दांडी धरली तर असे तीन पट्टे, म्हणजे १७ फूट लागतात. उरलेल्या दहा फुटांत पदर शाबूत ठेवता येतो. कापायला सुरुवात पदराच्या उलट्या टोकाकडून करा; पदरापासून केली तर नेमका तो दोन पट्ट्यांत फाटला जातो. काठ खाली आडवा हवा असेल तर साडी आडवी धरावी लागते आणि उंची ४५ इंचांतच संपते, स्वयंपाकघराच्या अर्ध्या पडद्याला ते बरं. जुनं रेशीम उन्हात घडीवर चिरतं. पश्चिमेच्या खिडकीला ते लावूच नका, इतरत्र पांढऱ्या पॉपलीनचं अस्तर द्या.

एकाच खोलीत दोन रंगांचे दिवे

खोक्यावरचा केल्विनचा आकडा (तो जितका कमी तितका उजेड पिवळा) न बघता बल्ब आणला की एका कोपऱ्यात पिवळा आणि दुसऱ्यात निळसर पांढरा उजेड येतो, मग चांगला रंगही मळका दिसतो. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००, ओट्यावर ४०००. ६५०० चा पांढरा उजेड दुकानाला शोभतो.

नुसत्या काळ्या मातीत झाडं

काळी माती कुंडीत घट्ट बसते, वाळली की कडेने सुटते आणि पाणी मुळांना न भिजवताच खालून निघून जातं. चार भाग लाल माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि तीन भाग भिजवून पिळलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), असं मिश्रण करा. तळाचं भोक खापरीच्या तुकड्याने झाका, बुजवू नका. बोटाचं दुसरं पेर आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. बहुतेक झाडं पाणी कमी पडून नाही, प्रेमाने जास्त घातल्याने मरतात. तुळस आणि मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं; ते नसेल तर हट्ट सोडून मनीप्लँट किंवा स्नेक प्लँट लावा. मोगरा जानेवारीअखेर छाटला की उन्हाळ्यात भरभरून फुलतो. ओली आठ इंची कुंडी पाचेक किलो भरते, म्हणून ती ग्रिलच्या आतच ठेवा, बाहेरच्या कठड्यावर नाही.

वारली चित्र काढताना

डहाणू-जव्हारकडच्या घरांत कुडाची भिंत शेणामातीने सारवून, वर गेरू देऊन तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. कुंचला म्हणजे चावून मऊ केलेली बांबूची काडी. फ्लॅटच्या प्लॅस्टिक पेंटवर तेच पीठ वाळून सुटतं, वर मुंग्या येतात. तिथे पांढरा ॲक्रिलिक आणि १ नंबरचा ब्रश घ्या. भिंत चकचकीत असेल तर २२० च्या पेपरने आधी हलकं घासा. माणसाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले असतात. ते पट्टीने आखले की सगळी माणसं एका साच्यातली वाटतात, हातानेच काढा. तारपा (भोपळ्याचं फुंकवाद्य) नाचाचं वेटोळं मधल्या तारपावाल्यापासून बाहेर काढत न्यायचं असतं. बाहेरून आत आलात तर शेवटच्या माणसांना जागाच उरत नाही. आणि पालघट देवीचा लग्नचौक हा लग्नविधीचा भाग आहे, सवासिनी तो लिहितात. टीव्हीमागच्या सजावटीला शेत, झाडं, नाच घ्या.

गुळगुळीत फरशीवर रांगोळी

व्हिट्रिफाइड टाइलला रांगोळी धरत नाही. लिफ्टचं दार उघडलं की येणाऱ्या झोताने रेघ पसरते, मग लोक स्टिकर लावून मोकळे होतात. त्याऐवजी कडाप्प्याचा १२ बाय १२ इंचाचा, पॉलिश न केलेला तुकडा फरशीवाल्याकडून कडा घासून आणा आणि दाराच्या बाजूला, पाय पडणार नाही असा ठेवा. दोन चमचे गेरू पाण्यात कालवून त्यावर एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या गेरूवर टाकलेली रांगोळी पाणी पिते आणि रेघ राखाडी होते.

या तुकड्यावर दीड-दीड इंचावर ७ ते ७ ठिपके बरोबर बसतात, चारही बाजूंना दीड इंच मोकळं राहतं. जाड कागदाला उदबत्तीच्या निखाऱ्याने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद एकदाच करून ठेवा. रेघ जाड-बारीक होत असेल तर चिमूट फार मोठी आहे किंवा हात फार वर आहे. बोटं दगडापासून इंचभरच वर हवीत, आणि हात मनगटातून नव्हे, कोपरातून सरकवायचा. पावसाळ्यात रांगोळीचे खडे होतात. ती तव्यावर मिनिटभर कोमट करून चाळून घ्या, डबा घट्ट झाकणाचा ठेवा. लक्ष्मीची पावलं काढताना बोटं घराच्या दिशेला, हेही घाईत उलटं होतं. चातुर्मासातली ३३ गोपद्मं या तुकड्यावर दाटीने बसतात, त्यासाठी १२ बाय १८ चा घ्या. दुसऱ्या दिवशी आधीची रांगोळी ओल्या फडक्याने पुसू नका, गेरूही निघेल. दोन इंची जुन्या रंगाच्या ब्रशने ती सुपलीत झटकून घ्या.