पायथन, सी आणि अर्धा पॉइंटर
पायथनमधून सीटाइप्स (सी भाषेतली फंक्शन्स बोलावायचं पायथनचं मॉड्यूल) वापरून एक सी लायब्ररी चालवत होतो. कधी सुरळीत, कधी थेट सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरी पत्त्याला हात लावल्याने प्रोग्राम क्रॅश). चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या ट्रेसबॅकचा मागमूस नाही. फॉल्टहँडलर (क्रॅश होताना ट्रेसबॅक छापणारं मॉड्यूल) चालू केल्यावर निदान पायथनची ओळ कळली. मग जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) पाहिला: सी फंक्शनला मिळालेल्या पत्त्यातले खालचे 32 बिट तेवढे खरे! वेगळं सांगितलं नाही तर सीटाइप्स फंक्शनचं उत्तर साधं इंट (32 बिटांचा पूर्णांक) धरतं, त्यात 64 बिटांचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, कापला जातो. पत्ता लहान असला की निभावतं, म्हणून ते 'कधी कधी'.

रेसटाइप (फंक्शनच्या उत्तराचा प्रकार) सी-व्हॉइड-पी, म्हणजे पॉइंटर, केला. तरी क्रॅश! बराच वेळ डोकं खाजवलं. तोच पत्ता परत पाठवताना आर्गटाइप्स (फंक्शनला दिलेल्या मूल्यांचे प्रकार) लिहायचे राहिले होते, तिथेही तीच कापाकापी. तेही लिहिले, क्रॅश थांबला.