रोड बाईक मिरवण्याआधी ती अंगाला कशी बसवावी

नवी रोड बाईक, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची सायकल, घरी आली की पहिल्याच दिवशी तिचा फोटो काढला जातो, आणि त्या फोटोत सीट हमखास उंच चढवलेली व हँडल होईल तितके खाली दाबलेले असते. सायकल अशीच देखणी दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शर्यतीतल्या सायकली पाहून आपली नजर त्या आकाराला सरावलेली असते. मात्र त्या सायकली चालवणाऱ्यांची कंबर आणि मान रोज तासन्‌तास त्याच अवस्थेत राहायला सरावलेली असते, आणि आपली तशी नसते. म्हणून आधी मापे घ्यावीत, मग दोन-तीन आठवडे सायकल चालवावी, आणि फोटो काढणे व हँडलखालची जास्तीची नळी करवतीने कापणे या दोन्ही गोष्टी त्यानंतर हाती घ्याव्यात.

सुरुवात पायाच्या मापापासून करावी, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत चांगलाच फरक असू शकतो. अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे, दोन पावलांत साधारण वीतभर अंतर ठेवावे, आणि जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर जितका दाब जाणवतो तितक्या दाबाने ते वर ओढावे. पुस्तकाची मागची कड भिंतीला सपाट टेकलेली असली पाहिजे, अन्यथा माप चुकते. वरच्या कडेशी भिंतीवर खूण करून जमिनीपासूनचे अंतर मोजावे, आणि हे तीनदा करावे, कारण पहिले माप जवळजवळ नेहमीच कमी भरते.

हे माप ८२ सेंटिमीटर आले असे धरू. त्याला ०.८८३ ने गुणले की ७२.४ सेंटिमीटर मिळतात, आणि ही झाली क्रँक (पेडल जोडलेला दांडा) ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या, रेषेत मोजलेली. हे सूत्र १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीन वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाते. दुसरी जुनी पद्धत पायाच्या मापाच्या १.०९ पट अंतर पेडलच्या आसापासून मोजायला सांगते. तसे केल्यास ८९.४ येतात, आणि त्यातून १७० मिलिमीटरचा क्रँक वजा केला की पुन्हा ७२.४ च उरतात. क्रँक १६५ किंवा १७५ मिलिमीटरचा असेल तर मात्र दोन्ही उत्तरे एवढी जुळत नाहीत. शिवाय बुटांचा तळवा किती जाड आहे आणि पेडल कोणते आहे, हेही या आकड्यांत धरलेले नसते, म्हणून सूत्राने आलेली उंची हा केवळ पहिला अंदाज समजावा.

त्या अंदाजाची परीक्षा सायकलीवर बसूनच होते. ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर), किंवा एका हाताने भिंतीला धरून, टाच पेडलवर ठेवावी आणि उलटे पेडल मारावे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, पण टाच सुटू नये आणि कंबर एका बाजूला झुकू नये. नंतर चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. तो मोजायचा असेल तर मोबाइलवर बाजूने चित्रफीत घ्यावी आणि पेडल तळाशी असतानाचे चित्र थांबवून पाहावे: पूर्ण सरळ पायाच्या तुलनेत २५ ते ३५ अंशांचा बाक योग्य मानला जातो. मागून घेतलेली चित्रफीत त्याहूनही जास्त सांगून जाते. पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात कमरेवरची शिवण डावी-उजवी डोलत असेल, तर सीट उंच आहे. मग फोटोत ती कितीही शोभो.

सीट पुढे-मागे करण्यासाठी ओळंबा लागतो, आणि दोरीला बांधलेला नट त्यासाठी पुरतो. क्रँक आडवा ठेवून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीसमोरून दोरी सोडल्यास ती पेडलच्या आसावरून जावी, असा प्रघात आहे. त्यामागे फारसे शास्त्र नाही, तरीही सुरुवातीसाठी ती जागा वाईट नसते. एक गोष्ट मात्र विसरली जाते: सीट मागे सरकवली की ती क्रँकपासून दूरही जाते, त्यामुळे १ सेंटिमीटर मागे नेल्यास सुमारे ३ मिलिमीटर खाली आणावी लागते. सीट सपाट ठेवावी, आणि नाक झुकवायचेच असेल तर एक-दोन अंशच झुकवावे. त्याहून जास्त झुकवल्यास शरीर पुढे घसरत राहते आणि ते रोखण्याचे काम तळहातांवर येऊन पडते.

आता हँडल, जिथे दिसणे आणि बसणे यांचे खरे भांडण होते. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवले असता कोपरे किंचित वाकलेली असावीत, खांदे कानांकडे चढलेले नसावेत, आणि हात क्षणभर उचलल्यास आपण धाडकन पुढे पडू नये. पुढे झुकून खूप ताणावे लागत असेल, तर स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा आडवा तुकडा, १ सेंटिमीटर आखूड घ्यावा. हँडल खोल वाटत असेल, तर स्टेमच्या वर गेलेले स्पेसर (नळीवर बसणाऱ्या कड्या) स्टेमच्या खाली आणावेत. दोन्ही जमत नसेल तर स्टेम उलटा करून पाहावा: ६ अंश कलाचा, १०० मिलिमीटर लांबीचा स्टेम उलटा केल्यास हँडल जवळपास २ सेंटिमीटर वर येते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

हे बदल करताना फोर्कची नळी, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची वर गेलेली, स्टेम जिच्यावर बसतो ती नळी, मात्र कापू नये. माझ्या पहिल्या रोड बाईकवर स्टेमच्या वर स्पेसरचे धुराडे दिसत होते. ते मला तीन दिवसही सहन झाले नाही आणि मी नळी कापून घेतली. पुढच्याच रविवारी, साधारण चाळिसाव्या किलोमीटरला, मान वर करून रस्ता पाहणे अशक्य झाले. नळी पुन्हा लांब होत नसते, त्यामुळे शेवटी १७ अंशांचा स्टेम आभाळाकडे तोंड करून लावावा लागला, जो त्या धुराड्याहून कितीतरी कुरूप दिसत होता.

स्पेसर हलवताना बोल्टचा क्रम पाळावा. नळीच्या तोंडावरच्या टोपीचा बोल्ट आधी काढावा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करावेत. परत जोडताना आधी टोपी, हळूहळू, फोर्कची खडखड जाईपर्यंतच आवळावी, मग स्टेम चाकाच्या रेषेत आणावा आणि शेवटी बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. बाजूचे बोल्ट घट्ट असताना टोपी कितीही आवळली तरी काही साधत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यास बेअरिंगपाशी टकटक जाणवू नये, आणि हँडल अडखळत वळू नये. बोल्ट किती न्यूटन-मीटर जोराने आवळायचे ते स्टेमवर बहुधा छापलेले असते, बरेचदा ५ च्या आसपास. कार्बनच्या भागांना टॉर्क रेंचशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू नये. सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

यानंतरचे दुरुस्तीचे काम दुखणेच सांगते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते, आणि मागच्या बाजूला दुखत असेल तर उंच असते. बोटे बधिर होत असतील तर आधी सीटच्या नाकाकडे पाहावे, हँडलकडे नंतर. एका वेळी एकच बदल करावा, तोही ३ ते ५ मिलिमीटरचा, आणि निदान दोन-तीन फेऱ्या त्यावर काढाव्यात. दुखणे तरीही हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

मग फोटो. सायकल चेनच्या, म्हणजे उजव्या बाजूने घ्यावी, चेन पुढच्या मोठ्या चकतीवर असावी, क्रँक आडवा किंवा चेनस्टेच्या (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत असावा, आणि दोन्ही व्हॉल्व्ह तळाशी आणावेत. कॅमेरा चाकांच्या आसाच्या उंचीवर धरावा आणि मागे सरून झूम करावे, म्हणजे चाके लंबगोल दिसत नाहीत. हे झाल्यावर सीटची उंची, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचे अंतर आणि स्टेमखालच्या स्पेसरची जाडी अशी तीन मापे वहीत लिहून ठेवावीत, आणि सीटपोस्टभोवती फ्रेमला लागून चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. प्रवासासाठी सीटपोस्ट काढावा लागला तर तो त्याच जागी परत बसतो.