इंजिनिअरने धंद्याचं गणित ऑफिसातच कसं शिकावं

व्यवसाय समजून घ्यायचा तर आधी एमबीए करायला हवं, असं तांत्रिक कामातल्या बऱ्याच जणांना वाटतं. सुरुवातीला तरी त्याची गरज नाही. आपल्या टीमच्या कामातून पैसे कसे येतात आणि कुठे जातात एवढं आधी शोधा. ते सांगू शकणारी माणसं त्याच ऑफिसात बसलेली असतात.

सुरुवात फायनान्सपासून करा. पण ‘मला फायनान्स शिकवा’ म्हणत गेलात तर अर्ध्या तासात दोघंही कंटाळाल. त्यापेक्षा आपल्या प्रॉडक्टचं क्लाउडचं बिल घेऊन जा आणि हा खर्च नफातोटा पत्रकात कुठे दिसतो ते विचारा. ग्राहकांना सेवा देणारे सर्व्हर सहसा थेट खर्चात धरतात, म्हणजे ते ग्रॉस मार्जिन (उत्पन्नातून थेट खर्च वजा करून उरणारा नफा) खातात. टेस्टिंगचे सर्व्हर बहुधा डेव्हलपमेंटच्या खर्चात जातात. जमा झालेले पैसे आणि उत्पन्न यांतला फरकही तिथेच समजून घ्या. ग्राहकाने वर्षाची १,२०० वर्गणी आगाऊ भरली, तरी दरमहा उत्पन्न १००च धरतात. सेल्समध्ये जल्लोष चालू असताना फायनान्सवाले थंड का, हे मग कळतं.

सेल्सच्या कॉलवर महिन्यातून दोनदा बसलात तरी पुरे. आधी परवानगी घ्या, माइक बंद ठेवा. इंजिनिअर मध्येच ‘हे दोन दिवसांत होईल’ म्हणाला, की ग्राहक ते आश्वासन धरून चालतो आणि सेल्सवाले पुन्हा बोलावत नाहीत. ग्राहकाने कोणतं फीचर मागितलं यापेक्षा त्याचं काय अडलंय ते टिपून घ्या. करारातले आकडेही नीट ऐका: ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं सेवा बंद राहिली तरी चालतं, ९९.९९ म्हणजे जेमतेम ४. त्या एका जादा नऊची किंमत इंजिनिअरिंग टीम मोजते, आणि कबूल करणाऱ्याला ती बहुतेक वेळा ठाऊक नसते.

यानंतर एका पानाचा प्रस्ताव लिहून पाहा: अडचण, आजचा खर्च, दोन पर्याय (त्यांतला एक ‘काहीच न करणं’), फायदा, धोका. समजा, २० जण रोज १५ मिनिटं हाताने रिपोर्ट बनवतात. म्हणजे दिवसाला ५ तास, २२ दिवसांत ११०. ऑटोमेशनला ३०० तास लागणार, शिवाय दरमहा १० तास देखभाल. निव्वळ बचत १०० तास, म्हणजे ३ महिन्यांत वसुली.

कागदावर छान दिसतं, आणि नवखे नेमके इथेच फसतात. वाचलेले तास म्हणजे वाचलेले पैसे नव्हेत. प्रत्येकाची १५ मिनिटं वाचली म्हणून पगाराचा खर्च कमी होत नाही. ओव्हरटाइम घटला, एखादी नवी भरती टळली किंवा ग्राहकाचं बिल लवकर निघालं, तरच पैसा दिसतो. यांपैकी काय होणार ते प्रस्तावात स्पष्ट लिहा. काहीच होणार नसेल तर ‘लोकांचा त्रास कमी होईल’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणा. मॅनेजरकडे जाण्याआधी ते पान फायनान्सच्या माणसाला दाखवा. कोणता आकडा टिकणार नाही, हे तो लगेच सांगेल.